चार बंकरांची वाळू

"पोरगी वाळूतनं बॉल काढती झ्याक. खरं हिच्या तोंडातनं शब्द कोण काढणार वो, मेजर?"

हे माझ्याबद्दल चाललं होतं आणि ते मला ऐकू जावं असा कुणाचा हेतू नव्हता. मी नवव्या ग्रीनजवळच्या बंकरमध्ये सराव संपवून दाताळं घेऊन वाळू सारखी करत होते. बंकरची कड माझ्या डोक्याच्या वर होती आणि कडेच्या पलीकडेच क्लबहाऊसचा व्हरांडा होता. बंकरमध्ये उभ्या असलेल्या माणसाला वरचं सगळं ऐकू येतं, पण वरच्यांना तो दिसत नाही. माझ्यासारखीला याहून सोयीची जागा कुठे मिळणार?

बोलणारे होते आबासाहेब. शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, होती आणि क्लबच्या कमिटीत त्यांचा शब्द चाले. ऐकणारे मेजरसाहेब, लष्करातून निवृत्त झालेले, क्लबचे सेक्रेटरी. सभासदांच्या घरच्या बायकांना गोल्फ शिकायचा होता आणि पुरुष मास्तर नको होता. या कामावर मला घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

"शिकवायला बोलावंच लागतं असं नाही, आबासाहेब," मेजरसाहेब म्हणाले. "दाखवता आलं की पुष्कळ झालं."

"मग घ्या की! आमच्याकडं साचं करणारा एक मोल्डर हाय, सणासुदीला सुद्धा बोलत न्हाय. खरं त्याचं एक कास्टिंग फुकट जात न्हाय."

अशी मला नोकरी लागली, एका मुक्या मोल्डरच्या पुण्याईने.

माझं लहानपण निलगिरीत चहाच्या मळ्यावर गेलं. वडील तिथे कचेरीत होते. साहेब लोक जाताना एक छोटं गोल्फचं मैदान मागे ठेवून गेले होते आणि शाळेला सुट्टी असली की तिथे खेळण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, आणि मराठी फक्त घराच्या चार भिंतींत. वडील निवृत्त होऊन आपल्या गावी, कोल्हापूरला परतले तेव्हा मला मराठी येत होतं, पण कोल्हापूरचं, 'पण'च्या जागी 'खरं' म्हणणारं मराठी येत नव्हतं. इथली माणसं प्रेमाने बोलली तरी मला भांडल्यासारखी वाटत. बसमध्ये शेजारच्या बाईंनी "काय गं, कुणाची तू?" असं विचारलं तरी मी खिडकीबाहेर बघायला लागायचे. मग मी कमी बोलू लागले. लोकांनी मला शिष्ट ठरवलं. ती समजूत सोयीची होती, म्हणून मी खोडून काढली नाही.

गोल्फ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बंकर म्हणजे मुद्दाम खणलेला आणि वाळूने भरलेला खड्डा. चेंडू सरळ ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जाऊ नये म्हणून माणसाने स्वतःच करून ठेवलेली अडचण. हे ऐकून माझ्या आत्याने विचारलं होतं, "आणि यासाठी वर्गणी भरतात लोक?"

या खेळात सगळे फटके चेंडूला मारायचे असतात, बंकरमधला हा एक सोडून. इथे स्टिक चेंडूच्या थोडी मागे वाळूत घालायची. ती चेंडूच्या खालून निघून जाते आणि चेंडू वाळूच्या लाटेवर बसून बाहेर येतो. चेंडूला उडवते ती वाळू, आपण नाही. म्हणून वाळू कशी आहे हे आधी कळायला हवं. पण नियम असा की फटका मारण्यापूर्वी स्टिक वाळूला टेकवायची नाही आणि हाताने वाळू चाचपून पाहायची नाही. पाय रोवून उभं राहायला मात्र परवानगी असते. त्यामुळे वाळूची पारख तळपायांनी करावी लागते. मळ्यावर मला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिथे एकच वाळू होती, तिची सवय झाली होती.

आमच्या मैदानावर मात्र चार तऱ्हा होत्या. मैदान वर्गणीतून उभं राहिलं होतं. कोल्हापुरात देवळाच्या पायरीवर, शाळेच्या पंख्यावर, तालमीच्या दारावर देणाऱ्याचं नाव असतं. आमच्या बंकरांवरही होतं. क्लबहाऊसजवळचे चार बंकर चौघांनी दिलेले, आणि प्रत्येकाने आपल्या धंद्यातली वाळू आणून ओतलेली. एकजण बांधकामाचे ठेकेदार, त्यांनी नदीची वाळू टाकली. दुसरे फौंड्र्यांना कोकणातली पांढरी वाळू पुरवायचे. तिसऱ्यांचा खडी क्रशर होता, त्यांनी दगडाची कच ओतली. चौथा बंकर आबासाहेबांचा. त्यात त्यांच्या फौंड्रीतली, साच्यातून काढलेली काळी वाळू होती आणि कडेला दगडी पाटी होती, मातोश्रींच्या स्मरणार्थ. बाहेरगावच्या एका पाहुण्यांनी ती समाधी समजून नमस्कार केला होता.

नदीची वाळू सगळ्यात समंजस. दाणा जाड, कुठे एखादा खडा, स्टिक सहज आत जाते, सहज बाहेर येते. पांढरी वाळू बारीक आणि गोल दाण्याची. तिच्यात चेंडू वरून पडला की निम्मा रुततो. तिथे स्टिकचं पातं आभाळाकडे वळवून, म्हणजे तोंड उघडं ठेवून, वाळूचा लांबट, पातळ काप काढावा लागतो, घाई केली की स्टिक तळाला जाते. कच टोकदार आणि घट्ट. तिथे चेंडूच्या अगदी जवळ मारावं लागतं, नाहीतर स्टिक वर उसळते. काळ्या वाळूबद्दल पुढे सांगते.

या चार बंकरांनी मी पुष्कळ माणसं पाहिली. एका साखर कारखान्यातले केमिस्ट होते, दर रविवारी यायचे, अतिशय सभ्य. पांढऱ्या बंकरमध्ये त्यांचा चेंडू अडकला की आधी वाळूचा एक फवारा वर येई, मग दुसरा, मग तिसरा, चेंडू काही येत नसे. एकदा फवारा आणि चेंडू बरोबर आले, अगदी सुंदर, आणि ग्रीनवरच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्या बंकरमधून वर येत होते. केमिस्टसाहेबांनी मूठभर वाळू आणि चेंडू हातानेच वर फेकला होता. वळून पाहतात तो मी. "मिस, आपण फार बोलत नाही, हे मला माहीत आहे," ते इंग्रजीत म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी काकवीची बरणी आणली. ती मी घेतली. आज पहिल्यांदाच हे कुणाला सांगते आहे, आणि नाव तर सांगत नाहीच.

माझी पहिली विद्यार्थिनी पद्माक्का. गुळाची अडत असलेल्या जैन घरातल्या, माहेर शिरोळकडचं, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांचे यजमान क्लबचे सभासद होते, पण खेळण्यापेक्षा व्हरांड्यातल्या गप्पांना येत. पद्माक्का एक दिवस त्यांच्याबरोबर आल्या, माझा सराव बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या, आणि मग पदर खोचून थेट बंकरमध्ये उतरल्या.

"टीचर, मला बी शिकवा की हे. वाळू उडीवतासा ते."

मी मान हलवली. त्यांच्या पायात कोल्हापुरी चप्पल होती, गुळगुळीत तळाची. पहिल्याच फटक्याला त्या घसरून बसल्या.

"ही सटकतीया. काढू?"

मी पुन्हा मान हलवली. अनवाणी पाय वाळूत दाबत त्या थांबल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अगं बाई, ही तर रव्यावानी हाय!"

त्या पांढऱ्या वाळूत उभ्या होत्या. मग आम्ही बाकीच्या बंकरांत गेलो. नदीची वाळू त्यांनी बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ही तांदळाची कणी." कचेवर पाय ठेवताच, "ही भरडा." आबासाहेबांची काळी वाळू तेव्हा उन्हाळ्याने कोरडी होती. पाऊल ठेवताच भुसकन काळा धूर उठला. "ही राख," पद्माक्का म्हणाल्या आणि साडीकडे बघून तोंड वाकडं केलं.

त्यांनी मला शिकवण्याची रीतच हातात दिली. पुढे बायका वाढल्या, कुणी शिक्षिका होत्या, एक डॉक्टरीणबाई होत्या, आणि मी सगळ्यांना अनवाणी उतरवू लागले. स्टिक कशी धरायची ते करून दाखवायचं. मग चेंडू कुठल्याही बंकरमध्ये गेला की कडेवरून एकच शब्द टाकायचा: रवा. किंवा कणी. किंवा भरडा. रवा म्हटलं की त्या स्टिकचं तोंड उघडं ठेवून लांब काप काढत, भरडा म्हटलं की चेंडूजवळ मारत. मला लांब बोलावं लागत नव्हतं आणि त्यांना गणितं डोक्यात ठेवावी लागत नव्हती.

मेजरसाहेबांना अनवाणी पाय पसंत नव्हते. खेळाडूने योग्य पादत्राणे घालावीत असा नियम होता आणि मेजरसाहेबांना नियम आवडत. कमिटीत विषय निघाला. मी कोपऱ्यात बसले होते आणि आता वर्ग बंद होणार असं धरून चालले होते. तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "मेजर, पैलवान तांबड्या मातीत बूट घालून उतरतो व्हय?"

सगळे हसले. मेजरसाहेबही हसले. विषय संपला. आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लगेच चहा कुठं अडकला म्हणून ओरडू लागले. त्यांनी केलेले उपकार असेच असत, आभार मानायला जागा न ठेवणारे. मला तर ती जागा असती तरी भरता आली नसती.

एकदा मी त्यांच्या बंकरमध्ये वाकून वाळू बोटांत चोळून बघत होते. वरून आवाज आला, "मिसबाई, आमची वाळू बघायची तर शिरोलीला या. हितं ती रिटायर झालेली हाय."

मी गेले. मेजरसाहेब बरोबर होते. फौंड्रीत आत शिरल्यावर मला आधी काही दिसेना, मग दिसलं ते सगळं काळं दिसलं, माणसांसकट. आबासाहेबांनी ढिगातली मूठभर ओलसर वाळू उचलली, दाबली आणि हात उघडला. तळहातावर त्यांच्या मुठीचा ठोकळा होता, बोटांच्या ठशांसकट. तो त्यांनी मधोमध मोडला. तुकडे स्वच्छ पडले, दाणा सांडला नाही.

"बघा. मूठ उघडली तरी मूठ ऱ्हाती. हिच्यात चिकट माती असती, कोळशाची भुकटी असती. वर लोखंडाचा रस वतायचा, उकळता, तरी भित्ताड ढासळत न्हाय. धरून ठेवती ती आमची वाळू. सोडून देती ती आमच्या कामाची न्हाय."

मग त्यांनी मला एक जुनी शेड दाखवली. धंदा तिथे सुरू झाला होता. त्यांची आई तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन वाळू वाहायची, चाळायची, भिजवायची. कामाला दुसरं माणूस ठेवायची ऐपत नव्हती.

"आईचं हात कायम काळं. भाकरी थापायच्या आधी घासून घासून धुवायची, खरं नखात ऱ्हायचंच. मी म्हणायचो, आई, तुझ्या भाकरीला लोखंड लागतंय. तर म्हणायची, खा, मजबूत हुशील." ते हसले आणि नाक पुसून घेतलं. "म्हणून तर हितली वाळू तिकडं टाकली. संगमरवर लावून काय करायचंय? तिचं नाव तिच्या वाळूवर बरं दिसतंय."

परत येताना त्यांना काहीतरी म्हणावं असं मला फार वाटलं. गाडीत बसेपर्यंत वाक्य तयारही झालं होतं. पण ते माझ्याकडेच राहिलं.

दोन गोष्टी मी त्या दिवशी शिकले. ती वाळू आबासाहेबांना काय आहे, ही एक. आणि ती काय करते, ही दुसरी. पावसाळा संपला तेव्हा दुसरी गोष्ट सगळ्यांच्या मनगटांना कळली.

काळ्या वाळूतली चिकट माती पावसात भिजली. नंतर ऑक्टोबरच्या उन्हाने ती वाळत गेली, आणि बंकरवर कातडी धरली. वरून पाहताना काही कळायचं नाही. स्टिक मात्र आत जायची नाही. कातडीवरून ती सटकून पुढे येई आणि चेंडूच्या मधोमध बसे. चेंडू मग ग्रीनवर थांबत नसे.

पद्माक्का तेव्हा तयारीत होत्या. पुण्याच्या क्लबमधल्या बायका आमच्याशी सामना खेळायला येणार होत्या. आमच्याकडे आलेलं हे पहिलंच आमंत्रण, की पहिलंच आव्हान म्हणा. पद्माक्कांचा चेंडू काळ्या बंकरमध्ये गेला. त्या उतरल्या, पाय रोवायला लागल्या, पण पाय रुतेनात.

"टीचर, ही वाळू न्हवंच. हा तवा हाय."

आणि त्यांनी मारलं, जसं मी शिकवलं होतं तसं, चेंडूच्या मागे, पूर्ण जोराने. स्टिक खणकन वाजली. चेंडू ग्रीनवरून, कडेवरून, थेट व्हरांड्यात गेला आणि टेबलावरच्या भडंगाच्या परातीत शिरला. चुरमुरे आणि लसूण मेजरसाहेबांच्या मिशीपर्यंत उडाले. पद्माक्कांचे यजमान तिथेच बसले होते. "घरात फोडणी, हितं बी फोडणी!" ते ओरडले, आणि सगळा व्हरांडा हसत सुटला.

पद्माक्का हसल्या नाहीत. त्या उजवं मनगट डाव्या हातात धरून उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत ते सुजलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या स्टिक परत करायला. "येत न्हाय मी आता. पुण्याच्या बायकांसमोर आणि तसलं काय झालं तर? माझंच कायतरी चुकतंय."

"नाही अक्का," मी म्हणाले. "तुमचं नाही."

"मग कुणाचं?"

मी काळ्या बंकरच्या पाटीकडे पाहिलं.

"लगीन होऊन आलो त्या घरात, तवापासनं सगळं सासूनं शिकीवलं, न्हायतर पोरांनी. हे एवढं एकच माझं मी शिकलो बघा," त्या म्हणाल्या. स्टिक त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली, पण हात लगेच काढला नाही.

मला वाटलं होतं, एक बंकर आहे, टाळता येईल. बायकांना त्या बाजूने खेळूच द्यायचं नाही. पण त्याच आठवड्यात आबासाहेब क्लबवर आले ते खूश होऊन. पुण्याचं पत्र आल्याचं त्यांना कळलं होतं.

"आपल्या बायका पुण्याशी खेळणार! मग मैदान कसं दिसाय पायजे? आता हे चार बंकर म्हंजे गोधडी झालीया, एक पांढरा, एक करडा, एक तांबूस. मी चारी भरून देतो, आपल्या वाळूनं. ट्रक माझा, माणसं माझी. एकसारखे काळेभोर करून टाकू!"

बाकीच्या तिघा दात्यांनी टाळ्या वाजवल्या. नको कोण म्हणणार? गोल्फ त्यांच्यातल्या कुणाला फारसा कळत नव्हता आणि आबासाहेबांचं मन सगळ्यांना कळत होतं. मेजरसाहेबांना दोन्ही कळत होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही सांगा त्यांना. शिकवता तुम्ही."

"तुम्ही सेक्रेटरी आहात, सर."

"मी रणगाड्यांत होतो," ते म्हणाले. "असल्या कामाचा मला अनुभव नाही."

चारही बंकर काळे झाले तर माझा वर्ग एका पावसाळ्यात संपणार होता. बायका एकेक करून स्टिक भिंतीला टेकवणार होत्या आणि प्रत्येकीला वाटणार होतं की चुकलं ते आपलंच. नोकरी जाईल याची धास्ती होती, नाही असं नाही. पण भिंतीला टेकवलेली ती एक स्टिक मला रोज दिसायची. आणि बोलायचं कुणाशी, तर ज्यांनी मला ठेवून घेतलं, अनवाणी पायांची बाजू घेतली, आपल्या आईची शेड दाखवली, त्यांच्याशी. मी आरशासमोर वाक्यं जुळवून पाहिली. इंग्रजीत ती फार सभ्य वाटायची आणि मराठीत फार उद्धट.

रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला. फाटकाशी वाळूने भरलेला ट्रक झेंडूच्या माळा लावून उभा होता. सभासद सहकुटुंब आले होते. पद्माक्काही आल्या होत्या, मनगटाला पट्टी बांधून. यजमानांनी आग्रह केला म्हणून आले, असं म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या त्या माझ्याजवळ. सुरुवात मातोश्रींच्या बंकरपासून करायची होती. पूजेचं ताट मेजरसाहेबांनी माझ्या हातात दिलं होतं, त्यामुळे आबासाहेबांच्या मागोमाग मलाही बंकरमध्ये उतरावं लागलं. बाकीचे सगळे कडेवर गोल उभे. एरवी मला लपवणारा तो खड्डा त्या दिवशी आखाड्यासारखा झाला होता.

आबासाहेबांनी चपला काढल्या, पाटीला हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं. मग नारळ उचलला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"दगड कुठाय?"

दगड कुणी आणलाच नव्हता. कडेवर कुजबुज झाली, कुणीतरी विटा शोधायला पळालं.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. वाळूवर काय फुटतोय? नुसता ठेवतो आईफुडं, मग वर जाऊन फोडू."

पण हाताला सवय असते. फौंड्रीत इतक्या वर्षांत त्यांनी किती भट्ट्यांपुढे नारळ वाढवले असतील! "आई," असं म्हणत त्यांनी हात खांद्यापर्यंत नेला आणि नारळ खाली आपटला.

नारळ फुटला. चांगला दोन भकलं होऊन फुटला.

पाणी काळ्या वाळूवर पसरलं, मुरलं नाही. ते ओघळ करून उतारावरून माझ्या पायांपर्यंत आलं. कडेवर कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. आबासाहेब वाकले. त्यांनी बोटाच्या पेराने वाळूवर टकटक केलं, दारावर करतात तसं. तसाच आवाज आला.

"वाळूवर नारळ फुटला?" ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. त्यांनी वर पाहिलं. "मेजर, हे कसं? बोला की कुणीतरी."

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. पद्माक्कांनी पट्टीचा हात दुसऱ्या हाताखाली लपवला, जणू तो दिसला तर मला जड जाईल.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी गप्प बसता येईल. ट्रक भरलेलाच शिरोलीला परत गेला. आबासाहेब काही दिवस क्लबवर फिरकले नाहीत, आणि ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मग एका सकाळी तोच ट्रक आला, नदीची वाळू घेऊन. त्यांनी ती फौंड्रीत स्वतः उभं राहून चाळून घेतली होती, एक खडा नव्हता तिच्यात. पुण्याशी आम्ही हरलो, पण पद्माक्कांचा एक चेंडू त्याच बंकरमधून निघून छिद्राशी जाऊन थांबला. तेव्हा व्हरांड्यात सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पुढे बऱ्याच वर्षांनी आबासाहेबांचे गुडघे धरले आणि खेळ सुटला, तरी ते व्हरांड्यात येऊन बसत आणि मी शिकवताना ऐकत. "आता हिला गप्प कोण करणार वो, मेजर?" असं ते एकदा म्हणाले, मी बंकरमध्ये असताना. ते मला ऐकू यावं असाच त्यांचा हेतू होता. आज मला जे थोडंफार येतं त्यातलं वाळूचं ज्ञान त्यांनी दिलं, वाळूचे शब्द पद्माक्कांनी दिले. फौंड्रीतून परत येताना गाडीत जे वाक्य माझ्याकडे राहिलं होतं तेही मी आबासाहेबांना कधीतरी म्हणून टाकलं. त्यांनी चहा कुठं अडकला म्हणून ओरडायला सुरुवात केली.

पण त्या रविवारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. माझ्या हातात ताट होतं, पायांशी नारळाचं पाणी होतं, आणि ज्या माणसाला मी आयुष्यात कधी दुखवू नये असं मला वाटत होतं तो माझ्याकडे उत्तरासाठी पाहत होता. आरशासमोर जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. आठवली ती त्यांनी उघडलेली मूठ. मी ताट खाली ठेवलं आणि कडेवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"आबा, तुम्हीच शिकवलंय मला. ही वाळू धरून ठेवते, तिचं कामच ते. इथं आम्हाला सोडून देणारी वाळू पाहिजे. आईंचं नाव आहे तिथंच राहू दे. वाळू तेवढी परत न्या."